विमान गेलं, आता या

मित्रांनो, आधीच सांगतो, हळू बोलणं मला जमत नाही. मी प्रशांत महासागरातल्या तुवालू देशाचा, फुनाफुती बेटावरच्या विमानाच्या धावपट्टीवरचा जुना भोंगा आहे. नवा होतो तेव्हाही असाच ओरडायचो. आता गंजलोय म्हणून आवाज जरा खरखरतो, एवढाच फरक. ज्याचे कान नाजूक असतील त्याने लांब बसावं. पण आमचं बेट इतकं चिंचोळं आहे की लांब जायला जागाच नाही. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला महासागर आणि मधे मी.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. पोटात पात्यांचं चक्र, वर जाळी आणि बाजूला हाताने फिरवायचा दांडा. महायुद्धात सैनिकांनी मला जहाजातून इथे आणलं. त्यांनी नारळाची झाडं पाडली, प्रवाळाचा चुरा दाबून धावपट्टी केली आणि मला एका खांबावर बसवलं. शत्रूचं विमान दिसलं की मी ओरडायचं आणि माणसांनी पळायचं, असं काम होतं. लढाई संपली. सैनिक जाताना बरंच सामान समुद्रात ढकलून गेले. मला ढकलायचं विसरले. नाहीतर ही गोष्ट तुम्हाला माशांकडून ऐकावी लागली असती.

पुढे प्रवाशांची विमानं येऊ लागली, तीही आठवड्यातून मोजकीच. बाकीचा वेळ ही धावपट्टी कोणाची? आमची. सपाट आणि मोकळी अशी दुसरी जागा तुवालूत आहे कुठे? संध्याकाळी उन्हं उतरली की सगळं बेट इथे जमतं. एकीकडे फुटबॉल, एकीकडे व्हॉलीबॉल. मधे आमचा अनो, म्हणजे केवड्याच्या पानांचा घट्ट विणलेला चेंडू तळहाताने मारायचा खेळ. म्हातारी माणसं वाऱ्याला चटया टाकून पडतात. पोरं मोटारसायकल शिकतात.

या सगळ्यांना दोनच गोष्टी कळाव्या लागतात. मी एकदा लांब ओरडलो की विमान येतंय, बाजूला व्हा. मग विमान गेल्यावर एकदाच थोडकं ओरडलो की झालं, आता या. आमची लेकरं बोलायला शिकतात त्याच्याआधी हे शिकतात.

आणि इथे कुठलीही गोष्ट दोन बाजूंशिवाय होत नाही. खाडीकडचे आणि समुद्राकडचे. नाच असो, मासेमारी असो, चर्चचं छप्पर शाकारणं असो, दोन्ही बाजूंची चुरस लागते. माझा आवाज झाल्यावर धावपट्टी आधी कोण रिकामी करतं, यावरसुद्धा भांडण होतं. सेमिसी आजोबा हे समुद्राकडच्यांचे म्होरके. आपली शेवटची चटई उचलली गेली की ते दोन्ही हात वर करतात आणि ओरडतात, "खाडीवाल्यांनो, झोपा अजून!" त्यांना कोणी पंच नेमलेलं नाही. ते स्वतःच नेमले गेले आहेत.

माझा दांडा सुलियाच्या हातात आहे. तिच्याआधी तिच्या बापाच्या हातात होता. तिचा नवरा बोटीवर खलाशी, वर्षातला बराच काळ कुठल्या तरी दूरच्या बंदरात असतो. मुलगी एकच, मेलेता. ही मेलेता लहानपणी धावपट्टीच्या पार मधोमध जाऊन उभी राहायची आणि मी ओरडायला लागलो की माझ्याशी शर्यत लावायची. माझा आवाज थांबायच्या आत ती कडेला पोचलेली असायची. दांडा फिरवता फिरवता सुलिया हसायची आणि म्हणायची, "ही पोरगी घरकाम सांगितलं की मात्र कासव होते."

अशी धावत धावत मेलेता देशाची धावपटू झाली. सराव कुठे, तर याच सरळ पट्टीवर. मैदानाला वळण असतं हे तिला परदेशात गेल्यावर कळलं.

आता ज्या गोष्टीवर जग हसलं, ती सांगतो. अर्धवट ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. बेटाबेटांच्या देशांची एक मोठी स्पर्धा एका श्रीमंत देशात भरली होती. मेलेता चारशे मीटर धावत होती आणि चांगली धावत होती. पुढच्या दोघींना गाठणार एवढ्यात मैदानाबाहेर रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला. मेलेताच्या पायांनी तिला विचारलं नाही. ती शर्यत सोडून थेट गवतात जाऊन उभी राहिली आणि हात हलवून बाकीच्या मुलींना बोलवू लागली, "अगं, बाजूला व्हा!"

मैदान हसून हसून लोळलं. तिला बाद केलं. तो व्हिडिओ जगभर फिरला. लोकांनी त्यावर गाणी लावली.

ती घरी आली तेव्हा सुलियाने नुसता भात आणि मासा पुढे ठेवला. सेमिसी आजोबांनी मात्र तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. शेवटी ते गोंधळून म्हणाले, "यात हसण्यासारखं काय आहे? भोंगा झाला, ही बाजूला झाली. बाकीच्या पोरी वेड्या का? तशाच पळत राहिल्या!"

सगळ्या बेटाला हेच वाटलं. मलाही हेच वाटतं. कोणी म्हणेल, भोंग्या, तुझ्यामुळे पोरीची शर्यत गेली. मी माफीबिफी मागणार नाही. माझा आवाज ऐकून बाजूला होणारी माणसं जिवंत राहतात. हसतील त्यांचे दात दिसतील.

पण मेलेता धावायची थांबली. संध्याकाळी कडेला बसून राहायची. सुलिया एकदा माझ्या खांबाला टेकून तिला म्हणाली, "पळत का नाहीस गं?"

"कुठे पळू? परक्या देशात माझा कानच माझा वैरी आहे."

"मग इथे पळ."

"इथे कोण येणार आहे शर्यतीला, आई?"

सुलिया माझा दांडा पुसू लागली. तिने आपल्या लेकीला खऱ्या शर्यतीत कधी पाहिलंच नव्हतं. परदेशी जायला विमानाचं भाडं कुठून आणणार? आलेलं प्रत्येक विमान तिने उतरवून घेतलं, पण आत एकदाही बसली नाही.

आणि त्याच सुमारास बातमी आली. बेटांच्या त्या मोठ्या स्पर्धेचं पुढचं यजमानपद मागायचं, असं आमच्या देशाने ठरवलं होतं. मित्रांनो, आमच्या अख्ख्या देशाची माणसं तुमच्या एखाद्या मोठ्या मैदानाच्या एका कोपऱ्यात मावतील. शेजारचे देश हसले. म्हणाले, यांच्याकडे झोपायला खोल्या नाहीत, प्यायला पावसाचं पाणी, आणि हे स्पर्धा भरवणार. आम्ही म्हटलं, हो, भरवणार. खोल्या नाहीत तर सभागृह आहे, चटया आहेत, वारा आहे. पावसाचं पाणी तुमच्या बाटलीतल्या पाण्यापेक्षा गोड आहे. माणूस लहान घरात राहतो म्हणून त्याने कधी पाहुणे बोलवायचेच नाहीत का?

ती बातमी ऐकली त्या संध्याकाळी मेलेता उठली आणि धावायला लागली. सुलिया बघत राहिली. एकदा तरी पोरीने आपल्या देशासाठी आपल्या माणसांसमोर धावावं आणि आपण ते डोळ्यांनी पाहावं, एवढंच तिला हवं होतं.

जागा बघायला क्रीडा परिषदेची माणसं यायची ठरली. त्यांच्या प्रमुख हॅरिएटबाई. आमच्या आयोजन समितीचा सचिव पेनिएली. हा माणूस वाईट नाही, पण पाहुणे येणार म्हटलं की घरातलं जुनं सगळं लपवायला धावतो. तो आदल्या दिवशी सुलियाकडे आला.

"उद्या भोंग्याला हात लावायचा नाही."

"का?"

"त्या बाईंनी मेलेताचा व्हिडिओ पाहिलाय. भोंगा दिसला की त्यांना तेच आठवणार. उद्या मेलेता त्यांच्यासमोर पळून दाखवणार आहे. गाडी सुरळीत चाललीय, घाण करू नकोस."

"आणि विमान आलं तर?"

"उद्या विमानच नाहीये, सुलिया. मी बघितलंय."

मग त्याने काय केलं माहीत आहे? मला केवड्याच्या चटईत गुंडाळलं, वर सुंभ आवळला आणि माथ्यावर फुलांचा हार घातला. जिवंतपणी! महायुद्ध पाहिलेल्या भोंग्याला शोभेचा खांब करून टाकला. चटईच्या विणीतून मला जेवढं दिसलं तेवढं सांगतो.

हॅरिएटबाई बोटीने आल्या. आधी खाडीकडच्यांनी त्यांना जेवायला घातलं. खड्ड्यात वाढवलेला पुलाकाचा कंद, नारळाच्या दुधातला मासा, ताडीचा गोड पाक. त्या हात धुतात न धुतात तोच समुद्राकडच्यांनी दुसरं पान मांडलं. "त्यांचं खाल्लंत, आमचं नाही?" असं सेमिसी आजोबांनी विचारल्यावर बाई काय बोलणार? दोन जेवणं पोटात घालून त्या धावपट्टीवर आल्या तेव्हा त्यांना चालवत नव्हतं.

पण नजर शाबूत होती. त्या म्हणाल्या, "प्रेक्षक कुठे बसणार?"

"कडेला," पेनिएली म्हणाला.

"कडेला म्हणजे कशावर?"

"जमिनीवर. ती आहे ना."

"आणि खेळ चालू असताना विमान आलं तर?"

पेनिएलीने माझ्याकडे, म्हणजे त्या फुलांच्या हाराकडे, चोरून पाहिलं. "विमानं ठरलेल्या दिवशीच येतात," तो म्हणाला. बाईंनी ओठ मुडपले. मग त्यांचं लक्ष मेलेताकडे गेलं आणि त्या सोबतच्या माणसाला म्हणाल्या, "हीच ना ती? गवतात जाऊन उभी राहिलेली?" तो हसला. मेलेताला ते ऐकू गेलं. ती बुटाची नाडी बांधत होती. गाठ दोनदा सुटली.

शर्यतीची तयारी झाली. पट्टीवर चुन्याच्या रेघा. मेलेताबरोबर बेटावरच्या आणखी तीन मुली. टोकाला फीत, आणि फितीपाशी पट्टीच्या मधोमध हातात घड्याळ घेऊन स्वतः हॅरिएटबाई. लोकांनीही आपापले खेळ बाजूबाजूला मांडलेच होते. पेनिएलीने नको म्हटलं होतं, पण संध्याकाळ झाल्यावर आमच्या लोकांना धावपट्टीबाहेर ठेवणं त्याच्या बापालाही जमलं नसतं.

मुली उभ्या राहिल्या. आणि तेवढ्यात वायरलेसच्या खोलीतून निरोप आला. एका बाळंतिणीची तब्येत बिघडली होती. तिला न्यायला फिजीहून छोटं विमान निघालं होतं. ते उद्या सकाळी येणार होतं, पण वादळ यायच्या आत उतरायचं म्हणून वैमानिक आजच निघाला होता, आणि आता अगदी जवळ आला होता.

सुलिया माझ्याकडे धावली. इकडे मुली सुटल्या होत्या. मेलेता पुढे होती.

पेनिएली आडवा आला. "थांब सुलिया. एवढी शर्यत होऊ दे. विमान वर एक चक्कर मारेल."

"बाळंतीण चक्कर मारेल का?"

"अगं, तुझीच पोरगी पळतेय! पुन्हा तेच होईल. त्या बाईंसमोर, सगळ्या जगासमोर. देशाची संधी जाईल."

सुलियाने पट्टीकडे पाहिलं. तिची लेक वाऱ्यासारखी येत होती. आयुष्यात पहिल्यांदा ती तिला शर्यतीत पाहत होती. तिचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही, कारण मधे चटई होती. पण तिचे हात मला कळले. ते सुंभाची गाठ शोधत होते. मग तिने कमरेचा ताडी काढायचा सुरा काढला, सुंभ कापला, चटई आणि हार बाजूला फेकले आणि दांड्याला सगळा भार दिला.

मित्रांनो, मी ओरडलो. चटईत कोंडून ठेवलेला सगळा राग बाहेर काढला.

मेलेता अर्ध्या पट्टीत होती. ती ऐकून क्षणभरही थांबली नाही. पण या वेळी ती गवताकडे वळली नाही, सरळ फितीकडे आली. हॅरिएटबाई हातात घड्याळ धरून, काय झालं म्हणून आकाशाकडे बघत मधोमध उभ्या होत्या. मेलेताने फीत तोडली नाही. तिच्याखालून वाकून गेली आणि बाईंचा हात धरला.

"अगं, पण तुझी शर्यत!" बाई म्हणाल्या.

"शर्यत कुठे पळून जात नाही, बाई. तुम्ही आधी चला."

आणि भोवती काय चाललं होतं ते पाहण्यासारखं होतं. व्हॉलीबॉलचे खांब सिमेंट भरलेल्या टायरांत रोवलेले असतात. पोरांनी ते गडगडत नेले. आयांनी एका काखेत मूल घेतलं, दुसऱ्या काखेत चटई. कोणी ओरडलं नाही, कोणी कोणाला ढकललं नाही. कुत्रीसुद्धा आपणहून निघाली. बाई अजून धापा टाकत होत्या आणि पट्टीवर एक चप्पलही उरली नव्हती. सेमिसी आजोबांचे दोन्ही हात वर गेले. "खाडीवाल्यांनो, झोपा अजून!"

विमान उतरलं. बाळंतिणीला झोळीतून आत चढवलं आणि विमान गेलंही. सुलियाने दांडा अर्धा फिरवला. एक थोडका आवाज. आता या.

जिथून सगळे गेले होते, तिथे सगळे परत आले. खांब आले, चटया आल्या. अनोचा चेंडू कोणाकडे होता यावर भांडण जुंपलं, म्हणजे सगळं नीट होतं. मेलेता आणि त्या तिघी पुन्हा पहिल्या रेघेवर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मेलेता धावली. सुलिया माझ्या दांड्यावर हात ठेवून बघत होती आणि रडत होती, आणि रडणं लपवत नव्हती. मेलेताने फीत तोडली तेव्हा दोन्ही बाजू एकदम ओरडल्या. इतक्या मोठ्याने की मलाही त्यांचा हेवा वाटला.

"किती वेळ लागला?" पेनिएलीने धावत येऊन विचारलं.

हॅरिएटबाईंनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. त्या ते दाबायलाच विसरल्या होत्या.

निघताना त्या सुलियाला म्हणाल्या, "इतक्या चटकन रिकामं होणारं मैदान मी कधी पाहिलं नाही."

"आणि भरणारं?" सेमिसी आजोबांनी मागून विचारलं. बाई हसल्या. मला वाटलं, झालं काम.

पण नाही झालं. काही महिन्यांनी रेडिओवर निर्णय सांगितला. तुवालूला स्पर्धा देता येत नाही. खोल्या अपुऱ्या, प्रेक्षागार नाही, आणि विमानाच्या धावपट्टीवर खेळ घेणं सुरक्षित नाही. सुरक्षित नाही म्हणे! ज्या मैदानात भोंगा झाल्यावर एकच मुलगी बाजूला झाली आणि बाकीचं जग हसत बसलं, ते सुरक्षित. मला अजून राग येतो आणि मी तो गिळणार नाही.

त्या संध्याकाळी पहिल्यांदाच धावपट्टी ओस होती. विमान नव्हतं, पाऊस नव्हता, तरी कोणी आलं नाही. लोक घरांच्या दारात बसून होते. सेमिसी आजोबाही गप्प होते, आणि ते गप्प बसले की बेट आजारी वाटतं. सुलिया आणि मेलेता माझ्या खांबाशी बसल्या होत्या.

पेनिएली आला. त्याच्या हातात तेलाची छोटी बाटली होती. त्याने माझ्या दांड्याच्या सांध्यात तेल सोडलं, फडक्याने जाळी पुसली. चटईत बांधलं होतं त्याची भरपाई करत असावा. मग म्हणाला, "सुलिया, वाजव."

"कशाला? विमान नाहीये."

"आलं होतं की, त्यांच्या नकाराचं. आपल्या डोक्यावरून गेलं आज. आता गेलं ते." त्याने नाक ओढलं. "मी पुन्हा अर्ज करणार आहे. ते पुन्हा नाही म्हणाले तर पुन्हा करीन. मेलेता, विमान गेल्यावर आपण काय करतो?"

मेलेता उठली. बुटाची नाडी तिने एकदाच बांधली.

"परत येतो," ती म्हणाली.

सुलियाने दांडा अर्धा फिरवला. दारादारांतून माणसं उठली.

मित्रांनो, हल्ली मदत म्हणून कोणी तरी विजेवरचा नवा भोंगा दिला आहे. पांढरी पेटी आहे, दिसायला देखणी. वीज गेली की तिची वाचा बसते. मला संग्रहालयात ठेवा असं काही शहाणे म्हणतात. ठेवू नका. खाऱ्या वाऱ्यात मी झिजतो हे खरं, पण थेंबभर तेलावर चालतो. जुन्या वस्तूला हार घालू नका, मित्रांनो, तिला काम द्या आणि तिचे सांधे पुसत जा.

कारण स्पर्धा इथे भरणार आहे. कधी ते मला माहीत नाही. ज्यांना हसायचंय त्यांनी तोवर हसून घ्यावं, घोडामैदान जवळच आहे. त्या दिवशी सगळे देश या धावपट्टीच्या कडेला आमच्या चटयांवर बसलेले असतील आणि मेलेता, नाहीतर मेलेताची मुलगी, पहिल्या रेघेवर उभी असेल. शर्यत सुरू करायला बंदूक लागणार नाही. साऱ्या जन्मात मी माणसांना ‘बाजूला व्हा’ एवढंच मोठ्याने सांगत आलो. त्या दिवशी मी एकदाच, थोडकं ओरडेन, आणि साऱ्या जगाला म्हणेन, आता या.